मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टर हलवू नका

गोव्यातल्या सरकारी रुग्णालयांच्या व्यवस्थापनास आणि तिथल्या बालरुग्ण विभागांच्या प्रमुखांस खुले पत्र

मान्यवर,

मी सत्तरी तालुक्यात राहते आणि एका मराठी प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. गेल्या श्रावणात माझा साडेचार वर्षांचा मुलगा डेंग्यूने आजारी पडला. तुमच्यापैकी एका रुग्णालयाच्या मुलांच्या वॉर्डात आम्ही सात दिवस होतो. रुग्णालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की चौकशी लागते, आणि चौकशीत सगळ्यांत आधी सापडते ती रात्रपाळीची सिस्टर. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही, तिच्यावर कारवाई व्हावी असं मला मुळीच वाटत नाही. माझं म्हणणं तिला तिथे एकटीला उभं करणाऱ्या निर्णयाबद्दल आहे. तो निर्णय तुमचा आहे, म्हणून पत्रही तुम्हाला.

मागच्या आठवड्यात मुलाला फेरतपासणीला घेऊन गेले होते. वॉर्डाच्या दाराशी पोचताच त्याने विचारलं, "पिसोळ्याची सिस्टर कुठे?" त्याच्या हातावरच्या सुईच्या पट्टीवर ज्यांनी पेनाने फुलपाखरू काढलं होतं त्या सिस्टर. कोंकणीत पिसोळें. त्या तिथे नव्हत्या. आमच्या मुक्कामातच त्यांची दुसऱ्या वॉर्डात बदली झाली होती, ती तात्पुरती असेल असं मी धरून चालले होते. टेबलामागच्या बोर्डावर कागद होता: यापुढे परिचारिकांच्या नेमणुका दर तीन महिन्यांनी सर्व वॉर्डांतून फिरत्या राहतील, कुठल्याही वॉर्डाला अपवाद नाही. आणि दारावर दुसरी सूचना: सुई लावताना वा ड्रेसिंग करताना नातेवाइकांनी उपचाराच्या खोलीत थांबू नये, प्रत्येक रुग्णाबरोबर एकच व्यक्ती, रात्री पास बदलून मिळणार नाही. दोन्ही कागद इंग्रजीत. दोडामार्गहून आलेल्या दोन बाया दारावरच्या कागदाकडे बघत उभ्या होत्या, त्यांना मी तो वाचून दाखवला. त्यातल्या एकीने विचारलं, "म्हणजे बाळाला टोचताना मी आत नाही जायचं?" मला उत्तर देववलं नाही. घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं.

आधी त्या सात दिवसांत काय झालं ते सांगते, कारण माझ्या सगळ्या मागण्या तिथूनच आल्या आहेत.

शनिवारी संध्याकाळी ताप भरला. सोमवारी जवळच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासलं. पोट दुखत होतं, उलट्या थांबत नव्हत्या, तिथल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता १०८ बोलावून पुढे पाठवलं. मंगळवारी रात्री अकराच्या सुमारास ताप उतरला. चार दिवसांत पहिल्यांदा कपाळ गार लागलं. मी देवाला हात जोडले आणि खाटेच्या कडेला डोकं टेकलं. तेवढ्यात सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, सासष्टीकडच्या, मराठी बोलता बोलता कोंकणीत शिरणाऱ्या. म्हणाल्या, "ताप उतरला म्हणून निजू नका बाय, आता जागायचं." त्यांनी आधी मुलाचे तळपाय चाचपले. मग बोटाचं नख दाबून सोडलं आणि ते परत लाल व्हायला किती वेळ लागतो ते पाहिलं. मग लहान मुलांचा अरुंद पट्टा शोधून आणला आणि रक्तदाब घेतला. वरचा आकडा ९०, खालचा ७४. वरचा ९० ऐकून मला हायसं वाटलं. त्या मात्र जवळजवळ धावतच फोनकडे गेल्या.

पुढचा तासभर डॉक्टर, सलाईन, पुन्हा रक्तदाब, पुन्हा सलाईन. पहाटे तीनला मुलाने लघवी केली आणि सिस्टरांनी ती मापून कागदावर लिहिली. तेव्हा त्या पहिल्यांदा खुर्चीवर टेकल्या.

डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोक्याचा काळ सुरू होऊ शकतो. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं, आणि हे झिरपणं २४ ते ४८ तास चालतं. मुलाचं शरीर वरचा रक्तदाब अगदी शेवटपर्यंत धरून ठेवतं, त्यामुळे नुसता वरचा आकडा पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. पाहायचं असतं दोन आकड्यांमधलं अंतर. ते २० किंवा त्याहून कमी झालं की मूल शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना रक्त कमी पडण्याच्या अवस्थेत, चाललंय असं समजायचं. माझ्या मुलाचं अंतर १६ होतं. या विषाणूवर औषध नाही. पाणी मापून द्यायचं आणि तासातासाला मुलाकडे बघायचं, हाच उपचार. पाणी कमी पडलं तर शॉक, जास्त झालं तर ते छातीत साठतं. हे सगळं मला नंतर वाचून, विचारून कळलं. सिस्टरांना ते तळपायाला हात लावल्या लावल्या कळलं होतं.

बुधवारी सकाळी त्या निरोप घ्यायला आल्या. त्यांची बदली मोठ्या माणसांच्या वॉर्डात झाली होती. जाताना त्यांनी मला थेंब मोजायला शिकवलं. "पंधरा सेकंदांत अकरा पडले पाहिजेत. जास्त पडले तर हाक मारा, लाजू नका."

गुरुवारी संध्याकाळी नव्या सिस्टर ड्युटीवर आल्या. तरुण, हसऱ्या, हाडांच्या वॉर्डातून आदल्याच दिवशी आलेल्या. तोवर मुलाची तब्येत सुधारत होती आणि पाणी ताशी ४५ मिलिलिटरवर आणलं होतं. आठच्या सुमाराला जुनी नळी तुंबली. लहान मुलांचा सेट वॉर्डात संपला होता, म्हणून साधा सेट लावला गेला. आता यातला फरक सांगते, कारण तो मलाही तोवर माहीत नव्हता. मुलांच्या मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. त्यामुळे ताशी ४५ मिलिलिटर हवं असेल तर मिनिटाला ४५ थेंब, हिशेब सरळ. साध्या सेटमध्ये २० थेंबांतच एक मिलिलिटर होतो. तिथे त्याच पाण्यासाठी मिनिटाला १५ थेंब पुरतात. कागदावर '४५ थेंब' लिहिलेलं होतं, सिस्टरांनी ४५ लावले. म्हणजे ताशी १३५ मिलिलिटर. १५ किलोच्या मुलाला, हव्या त्याच्या तिप्पट, आणि तेही नेमकं अशा वेळी जेव्हा झिरपलेलं पाणी परत रक्तात येत असतं.

मी मोजले, पंधरा सेकंदांत अकरा. बरोबर. पण थेंब जाड दिसत होते. आधीचे मोहरीसारखे बारीक होते. दहाला पाहिलं तर पाचशेची बाटली निम्म्याच्या खाली गेली होती, आणि ती तर सकाळपर्यंत पुरायची होती. मी टेबलापाशी गेले. सिस्टर उपचाराच्या खोलीत होत्या, एका आठ महिन्यांच्या बाळाला सुई लागत नव्हती. "येते हां," आतून आवाज आला. परत गेले तेव्हा तेच उत्तर. त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांना खरंच येता येत नव्हतं. त्या रात्री वॉर्डात २६ मुलं होती. मी खाटा मोजल्या होत्या, आणि दोन खाटांवर दोन-दोन मुलं होती. सिस्टर एक.

पावणेअकराला बाटलीत जेमतेम सव्वाशे उरलं होतं. मुलाच्या पापण्या सुजल्या होत्या. श्वास मी मोजला, मिनिटाला ४६. या वयात ४० च्या पुढे गेला की घाबरायचं, एवढं मला ठाऊक होतं. मी स्वतः नळीचं चाक फिरवून थेंब बंद केले. तसं करायचा मला अधिकार नव्हता आणि कुठल्याही आईवर ती वेळ येऊ नये. मग ओरडले. डॉक्टर आले, पाणी थांबवलं, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं, रात्रभर ऑक्सिजन लावला. मूल वाचलं. पहाटे ती सिस्टर माझ्याजवळ येऊन रडली. म्हणाली, मोठ्यांच्या वॉर्डात आम्ही हाच सेट लावतो, हाताला सवय आहे. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार होते?

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी, नेमणुका फिरत्या ठेवण्याची. तुमची बाजू मी ऐकली आहे. जड वॉर्डाचा भार सगळ्यांनी वाटून घ्यावा, कुणा एकीवर अन्याय होऊ नये, सगळ्यांना सगळं यावं. हेतू वाईट नाही. पण मुलांची शुश्रूषा हे मोठ्यांच्या शुश्रूषेचं छोटं माप नव्हे. मोठ्या माणसाला पॅरासिटामोलची गोळी दिली की झालं. मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे माझ्या मुलाला एका वेळी २२५. पण सिरपच्या एका बाटलीत पाच मिलिलिटरमागे १२५ मिलिग्रॅम असतं, दुसरीत २५०. एकातून नऊ मिलिलिटर द्यायचं, दुसऱ्यातून साडेचार. बाटलीची चिठ्ठी न वाचता हात चालला तर डोस दुप्पट होतो. इंजेक्शनांत तर दशांश चिन्ह एक घर सरकलं की दहापट. रक्तदाबाचा पट्टा मोठ्यांचा लावला तर मुलाचा आकडा खोटा, कमी दाखवतो. नाडी आणि श्वासाचे बरोबर-चूक आकडे वयागणिक बदलतात: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० झाला की धोका, वर्षाच्या आतल्याचा ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४०. आणि या सगळ्याच्या वर, मूल सांगत नाही. मोठा माणूस म्हणतो छातीत दुखतंय. मूल गप्प होतं. ते गप्प होणं थकल्याचं की खालावल्याचं, हे ओळखायला मुलांमध्ये वर्षं घालवावी लागतात. पहिलीच्या वर्गात नव्याने आलेल्या शिक्षिकेला कळत नाही की कोपऱ्यात शांत बसलेलं मूल शहाणं आहे की तापलेलं आहे. मला पाच वर्षं लागली होती.

तीन महिन्यांत हे येत नाही. आणि यायला लागतं तोच पुन्हा बदली. ऐन पावसात, डेंग्यूचे रुग्ण वाढलेले असताना, अनुभवी सिस्टर हलवून नवीन आणणं तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. नवजात बाळांच्या शुश्रूषेसाठी भारतीय परिचर्या परिषदेचा वर्षभराचा वेगळा पदविका अभ्यासक्रम आहे. म्हणजे हे वेगळं कसब आहे हे आपल्याकडे कागदावर मान्यच आहे. ड्युटीच्या तक्त्यात ते का दिसू नये?

दुसरी तक्रार संख्येची. याच परिषदेचे निकष सांगतात की अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी, म्हणजे एका पाळीला नऊ खाटांमागे एक, आणि रजेसाठी वर ३० टक्के राखीव. हे साध्या वॉर्डाचं. रुग्णालय अध्यापनाचं नसेल तर निकष सैल होतो हे मला माहीत आहे, पण २६ मुलांमागे एक हे कुठल्याही निकषात बसत नाही. डेंग्यूच्या मुलाचा रक्तदाब, नाडी, हातपायांची ऊब आणि लघवी धोक्याच्या काळात तासातासाला बघायची असते. एका मुलाला पाच मिनिटं धरली तरी अशी बारा मुलं झाली की तास संपला. मग औषधं कोण देणार, सुई कोण लावणार, रात्री दोनला येणारं नवीन मूल कोण घेणार? त्या रात्री माझ्या मुलाच्या कागदावर नऊ, दहा आणि अकरा वाजताच्या रकान्यांत आकडे होते. त्यातला दहाचा आकडा नंतर भरलेला होता, कारण दहाला मी शेजारी बसले होते आणि कुणी आलं नव्हतं. याचा दोष मी त्या मुलीला देणार नाही. रकाने रिकामे ठेवले तर तिला जाब विचारला जातो, म्हणून ते भरले जातात. पण मग सकाळी डॉक्टर त्या आकड्यांवर विश्वास ठेवून निर्णय घेतात, आणि हे सगळ्यांत भयंकर आहे.

तिसरी, आईला बाहेर काढण्याची. उपचाराच्या खोलीतल्या त्या आठ महिन्यांच्या बाळाची आई बंद दाराला पाठ लावून व्हरांड्यात बसली होती. आतून बाळाचा आवाज येत होता. दर टोचण्याला तिचा पदर तिच्या मुठीत आवळला जायचा, मी पाच वेळा पाहिलं. बाळ बाहेर आलं तेव्हा घोगरं झालं होतं, आणि आईकडे झेपावायच्या ऐवजी तिच्यापासूनही तोंड फिरवत होतं. तुमचं कारण मला सिस्टरांनी सांगितलं: आया घाबरतात, मध्येमध्ये करतात, चक्कर येऊन पडतात, आणि मग हात थरथरतो. एखादी आई पडत असेलही. तिला बाहेर बसवा. पण जी मांडीवर घेऊन बसायला तयार आहे तिलाही का?

लहान बाळांना फारसं दुखत नाही असं एके काळी डॉक्टरही मानत. फार जुनी गोष्ट नाही. १९८७ साली कंवलजीत सिंग आनंद या मूळच्या भारतीय डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डला केलेलं काम प्रसिद्ध झालं. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशामक मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीराला धक्का कमी बसतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते, हे त्यांनी दाखवलं. तोवर कित्येक नवजात बाळांना पुरेशी भूल न देताच कापलं जाई. आज जागतिक आरोग्य संघटना लस टोचतानासुद्धा आई जवळ असावी, मूल कुशीत उभं धरावं, अंगावर पिणारं असेल तर पाजत असताना टोचावं असं सांगते. २०१५ पासून सांगते. टोचायच्या जागी तासभर आधी बधिर करणारं मलम लावता येतं. तातडी नसलेल्या सुईला तरी ते लावायला काय हरकत आहे?

आईवडिलांना वॉर्डाबाहेर ठेवण्याची रीत ब्रिटनमध्येही होती. भेटीची वेळ आठवड्यातून काही तास, बाकी वेळ मूल एकटं. रडून रडून ते गप्प झालं की 'रुळलं' असं म्हणत. ते रुळणं नसतं, मूल आशा सोडतं, हे जेम्स रॉबर्टसन या समाजकार्यकर्त्याने १९५२ साली एका दोन वर्षांच्या मुलीचे रुग्णालयातले दिवस चित्रित करून दाखवलं. १९५९ साली तिथल्या प्लॅट समितीने शिफारस केली की आईवडिलांना कधीही येऊ द्या, लहान मुलांबरोबर आईला राहू द्या. आपल्याकडे आई वॉर्डात राहते ही आपली जुनी, चांगली रीत आहे. ती आपण शिकून घेतलेली नाही, ती आपल्या घरांतून आली आहे. त्यांनी साठ वर्षांपूर्वी जे सोडलं ते आपण आता का धरायचं? भारताने ११ डिसेंबर १९९२ ला बालहक्कांचा करार स्वीकारला. त्यात मुलाच्या आरोग्याबरोबर त्याचं म्हणणं ऐकून घेण्याचा आणि खेळण्याचाही हक्क आहे. वॉर्डात खेळण्यांचं एक कपाट आहे. त्याला कुलूप आहे. किल्ली कुणाकडे आहे ते सात दिवसांत मला कळलं नाही.

सामानाबद्दल थोडंच लिहिते. मुलांचा मायक्रोड्रिप सेट संपणं म्हणजे कापूस संपणं नव्हे, ते वर पाहिलंच. रक्तदाबाचा लहान पट्टा संपूर्ण वॉर्डात एक होता आणि तो शोधायला सिस्टरांना दोन खोल्या फिराव्या लागत. पाणी आपोआप मापून सोडणारं यंत्र अतिदक्षता विभागात आहे, वॉर्डात नाही.

आणि पासाबद्दल. माझे यजमान सात रात्री खाली पायऱ्यांवर झोपले, पावसाची झड येत होती तरी. मी तीन रात्री सलग जागी होते, चौथ्या रात्री मला बसल्या बसल्या डोळे उघडे ठेवता येत नव्हते. त्या रात्री त्यांना वर येऊ दिलं असतं तर थेंब त्यांनीही मोजले असते, आणि त्यांना दहालाच ओरडायचं धैर्य झालं असतं, मला पावणेअकरा झाले. पुरुष रात्री वॉर्डात नकोत, आया अंगावर पाजतात, हे मला समजतं. मग पडदे लावा, किंवा मावशी-आजीला तरी रात्री नऊला पास बदलून द्या. वाळपईकडून आलेल्या माणसाला शेवटची बस चुकली की परत जाताही येत नाही, हे इथे बसून ठरवणाऱ्यांना माहीत असायला हवं.

माझ्या मागण्या अशा.

मुलांच्या आणि नवजात बाळांच्या वॉर्डांना फिरत्या नेमणुकांतून वगळा. तिथे सिस्टर निदान तीन वर्षं राहू द्या. ज्यांना तिथे नको आहे त्यांना अडकवू नका, ज्यांना हवं आहे त्यांना विचारून ठेवा, आणि त्या अनुभवाची बढतीत नोंद घ्या. बदली करावीच लागली तर नव्या सिस्टरला किमान दोन आठवडे अनुभवी सिस्टरबरोबर जोडीने काम करू द्या, एकटीने रात्रपाळी त्यानंतरच. पावसाच्या चार महिन्यांत या वॉर्डांतून कुणालाही हलवू नका. आधी हलवलेल्या सिस्टरांना, त्यांची इच्छा असेल तर, परत आणा.

रात्रपाळीला एका सिस्टरकडे नऊहून जास्त मुलं देऊ नका. आज तेवढी माणसं नसतील तर भरती कधी होणार ते तारखेसह सांगा, आणि तोवर रोज वॉर्डाच्या फळ्यावर लिहा: आज मुलं किती, सिस्टर किती. एवढं तर खडूने होतं.

सलाईन आणि औषधाचं प्रत्येक माप दोघांनी तपासावं असा नियम करा, आणि कागदावर थेंब लिहिताना सेटचं नावही लिहा. मुलाचं वजन खाटेच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत लावा. मायक्रोड्रिप सेट आणि लहान पट्टे संपण्याआधी मागवले जातील याची जबाबदारी एका नेमक्या माणसावर टाका. ती रात्रपाळीच्या सिस्टरवर नको.

चूक झाली तर ती सांगणाऱ्या सिस्टरला शिक्षा होणार नाही असं लेखी द्या. आमच्या बाबतीत जे घडलं त्याची कुठे नोंद झाली का, मला माहीत नाही. झाली नसेल तर पुढच्या महिन्यात पुन्हा कुणीतरी साध्या सेटवर ४५ थेंब लावेल.

सुई लावताना, रक्त काढताना, ड्रेसिंग करताना आईला किंवा बापाला मुलाजवळ राहू द्या. दोनदा सुई लागली नाही तर तिसऱ्यांदा त्याच हाताने प्रयत्न न करता दुसऱ्या अनुभवी माणसाला बोलवायचं, हे ठरवून टाका. रात्रीचा पास बदलून द्या. कपाटाचं कुलूप काढा.

आणि पालकांना शिकवा. त्या सिस्टरांनी मला दोन मिनिटांत थेंब मोजायला शिकवलं. ताप उतरल्यावर काय बघायचं, लघवी किती वेळाने झाली पाहिजे, कुठल्या लक्षणाला लगेच हाक मारायची, हे एका पानावर मराठीत आणि कोंकणीत छापून प्रत्येक खाटेपाशी द्या. पान मी लिहून देईन. तुमच्या डॉक्टरांनी तपासावं, छपाईचा खर्च आमच्या गावातले पालक करतील.

या पत्राची प्रत मी वॉर्डात स्वतः आणून देणार आहे. आमच्या शाळेतल्या पालकांनी आणि त्या आठवड्यात शेजारच्या खाटांवर असलेल्या मुलांच्या काही आयांनी त्यावर सह्या केल्या आहेत. दोडामार्गच्या त्या बाईने अंगठा दिला आहे. तिचं बाळ बरं होऊन घरी गेलं.

उत्तर मला टपालाने पाठवलं नाही तरी चालेल. ते वॉर्डाच्या दारावर लावा, जिथे ती सूचना लावली आहे तिथेच, दोडामार्गच्या त्या बाईला वाचता येत नसलं तरी कुणीतरी तिला वाचून दाखवू शकेल अशा भाषेत.

आपली,
एका बालरुग्णाची आई
सत्तरी, गोवा